दुवा आणि दाद : आभासी मोहल्ल्याचा इतिहास

एखादे काम केल्याने पैसा मिळत नाही, पद मिळत नाही, बहुतेक वेळा नावही छापले जात नाही. तरीही जगभरातली लाखो माणसे ते काम रोज करतात. कुणी रात्रीचे जेवण आटोपून ज्ञानकोशातल्या एका नोंदीतली जन्मतारीख तपासत बसतो. कुणी हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाच्या संगणकातला बिघाड समजावून घेतो आणि सविस्तर उत्तर लिहितो. कुणी कधीही न पाहिलेल्या शहराच्या गल्ल्या नकाशावर रेखाटतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला माणूस असे वागत नाही. तो आधी नफा-तोटा पाहतो. मग ही माणसे कोण आहेत, आणि ती येथे का येतात? हा प्रश्न गेल्या काही दशकांत संशोधकांना पडला, कंपन्यांना पडला, आणि एका प्रकरणात तर तो न्यायालयाच्या दारापर्यंत गेला.

'हौस' असे त्याचे सोपे उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हौशी माणूस येतो हे खरे. पण तो टिकतो का, आणि एके दिवशी उठून का जातो, हे त्या शब्दातून कळत नाही. ऑनलाइन समुदायांचा इतिहास वाचताना मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्याजवळच्या छोट्याशा माहितीची कुठेतरी गरज आहे असे दिसले की माणूस येतो. त्याच्या कामाची कुणी दखल घेतली तर तो राहतो. आणि सगळ्यांनी मिळून बांधलेल्या घरावर कुणा एकाच्याच नावाची पाटी लागते आहे असे वाटले की तो चालू लागतो. हा इतिहास आपणही पाहायला हवा. कारण ज्या भाषेतली माणसे अशा कामाला येत नाहीत, त्या भाषेच्या वाट्याला पुढच्या काळात काय येणार, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

चिठ्ठ्यांचा कोश

संगणकाच्या फार आधी अशा समुदायाचे एक ठळक उदाहरण घडून गेले. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ साली इंग्रजी भाषेच्या मोठ्या शब्दकोशाची कल्पना मांडली. पुढे संपादक म्हणून जेम्स मरे यांची नेमणूक झाली. त्यांनी १८७९ साली इंग्रजी बोलणाऱ्या आणि वाचणाऱ्या जनतेला एक जाहीर आवाहन केले. काम साधे होते. पुस्तक वाचायचे, एखादा शब्द विशिष्ट अर्थाने वापरलेला दिसला की ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवायचे, खाली पुस्तकाचे नाव आणि साल लिहायचे आणि ती चिठ्ठी टपालाने पाठवायची. मोबदला काहीही नाही. तरी चिठ्ठ्यांचे ढीग येऊ लागले. ते लावण्यासाठी मरे यांनी मिल हिल येथील शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली बांधून घेतली होती. १८८५ मध्ये हा सारा पसारा ऑक्सफर्डला हलला.

या चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत विल्यम चेस्टर मायनर हे नाव जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात लष्करी सर्जन असलेला हा माणूस पुढे मानसिक आजाराने ग्रासला. १८७२ साली लंडनमध्ये त्याने भ्रमाच्या भरात एका निरपराध कामगाराला गोळी घातली. न्यायालयाने त्याला वेडसर ठरवून ब्रॉडमूरच्या आश्रयगृहात पाठवले. त्या बंद खोलीतून तो जवळपास दोन दशके शब्दकोशासाठी चिठ्ठ्या लिहीत राहिला. त्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. इतर वाचक सापडेल तो शब्द पाठवत. मायनर मात्र आपल्या पुस्तकांतल्या शब्दांच्या याद्या करून ठेवी, सध्या कोणत्या शब्दाचे काम चालू आहे ते संपादकांना विचारी, आणि नेमक्या त्याच शब्दाच्या चिठ्ठ्या पाठवी. जगाने ज्याला दाराआड ठेवले होते, त्याची कुणाला तरी आजच्या आज गरज होती. १८९१ मध्ये मरे स्वतः त्याला भेटायला गेले. त्याच्या कामाचा त्यांनी जाहीर गौरवही केला. गरज आणि दखल या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या.

शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. तेव्हा त्यात चार लाखांहून अधिक शब्द होते. मरे १९१५ मध्येच वारले होते. चिठ्ठ्या पाठवणाऱ्या कित्येकांनीही पुरा कोश पाहिला नाही.

तारेवरचा कट्टा

संगणकाच्या जाळ्याची सुरुवात गप्पांसाठी झालेली नव्हती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९ साली 'अर्पानेट' सुरू झाले ते दूरदूरचे महागडे संगणक संशोधकांना वाटून वापरता यावेत म्हणून. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवण्याची सोय केली, आणि काही वर्षांतच त्या जाळ्यावरची बहुतांश वाहतूक म्हणजे माणसांनी माणसांना लिहिलेली पत्रे झाली. यंत्रे जोडण्यासाठी टाकलेल्या तारेवर माणसे जोडली गेली.

सामान्य माणसासाठीचा पहिला प्रयोग १९७३ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला. गाण्याच्या तबकड्या विकणाऱ्या एका दुकानाबाहेर, जिन्याच्या वरच्या टोकाला, टाइपयंत्रासारखे एक यंत्र ठेवले गेले. ते तारेने सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या संगणकाला जोडलेले होते. प्रयोगाचे नाव 'कम्युनिटी मेमरी', म्हणजे लोकांची सामाईक आठवण. शेजारीच कागदी जाहिरातींचा फलक होता. त्याचेच काम हे यंत्र करील अशी अपेक्षा. पण लोकांनी त्याचा भलताच उपयोग केला. वादकांनी साथीदार शोधले, कुणी कविता टाकल्या, कुणी राजकारणावर वाद घातले. या भागात चांगले बेगल, म्हणजे कड्यासारखे गोल पाव, कुठे मिळतात, असे एकाने विचारले. उत्तरांत दुकानांची नावे आली. पण एका उत्तरात एका माजी बेगलवाल्याचा फोन नंबर होता. ते कसे करायचे हे तो शिकवायला तयार होता! विचारणाऱ्याला पाव हवा होता, आणि देणाऱ्याला आपली कला कुणाला तरी द्यायची होती. पुढच्या पन्नास वर्षांत जे घडले त्याचे बीज या एका उत्तरात आहे.

१९७९-८० मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून 'यूजनेट' उभे राहिले. त्याला मुख्य कचेरी नव्हती, मालकही नव्हता. विषयवार गट होते आणि एका विद्यापीठातला मजकूर रात्री फोनच्या तारेवरून दुसऱ्या विद्यापीठात जाई. दर सप्टेंबरला महाविद्यालये उघडली की नव्या विद्यार्थ्यांची एक लाट येई. ते वाटेल ते लिहीत, आणि जुनी मंडळी त्यांना बोलण्याची रीत शिकवीत. महिन्या-दोन महिन्यांत ते रुळत. मग १९९३-९४ मध्ये व्यापारी कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांसाठी हे दार एकदम उघडले. नवे रोजच येऊ लागले आणि शिकवणारे तेवढेच राहिले. जुने लोक म्हणू लागले की त्या वर्षीचा सप्टेंबर संपलाच नाही. त्यात थोडा जुन्यांचा तोराही होता. पण मोहल्ला वाढला आणि अदब शिकवणारी वडील माणसे पुरी पडली नाहीत, तर काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

याच काळातील एका समुदायाचा आपल्या देशाशीही धागा जुळतो. १९८५ साली स्ट्युअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळ 'द वेल' नावाची मजलिस सुरू केली. यातील डॉ. ब्रिलियंट यांनी १९७०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारतात देवीच्या रोगाच्या निर्मूलनासाठी काम केले होते. 'वेल'ची एक अट होती. टोपणनाव घेतले तरी खाते खऱ्या नावाचे असले पाहिजे, आणि जे लिहाल त्याची जबाबदारी तुमची. हॉवर्ड राइनगोल्ड या लेखकाने १९९३ साली या अनुभवावर पुस्तक लिहिले. ऑनलाइन समुदायांवरचे ते आरंभीचे आणि गाजलेले पुस्तक. त्याच्या सुरुवातीचा प्रसंग घरगुती आहे. १९८६च्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीच्या डोक्यात गोचीड रुतली. पत्नीने मुलांच्या डॉक्टरांकडे फोनवर निरोप ठेवला, आणि यांनी 'वेल'वरच्या आईबापांच्या गटात प्रश्न टाकला. दवाखान्यातून उलटा फोन येण्याआधीच गटातल्या एका डॉक्टरचे उत्तर आले आणि गोचीड निघालीही. त्यांना नवल वाटले ते उत्तराच्या वेगाचे, पण त्याहून अधिक, अवेळी कुणीतरी आपल्यासाठी जागे आहे या भावनेचे.

लाल दुवा

या सगळ्या कहाण्यांत माणसे एकमेकांना मदत करत होती. पण एकत्र येऊन एखादी मोठी वास्तू उभारत नव्हती. ते काम ज्ञानकोशाच्या रूपाने झाले. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले ते भागभांडवल उभारून, गावोगाव फिरून, वर्गणीदार मिळवून. ज्ञानकोश म्हणजे विद्वानांचे मंडळ, कचेरी आणि पैसा हे जगभर धरून चाललेले गणित होते. अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी मार्च २००० मध्ये 'न्यूपीडिया' सुरू केला तोही त्याच धर्तीवर. लेख विद्वानांनी लिहायचा आणि तपासणीच्या सात पायऱ्या चढल्यावरच तो प्रसिद्ध व्हायचा. २००३ साली न्यूपीडिया बंद पडला तोवर पुरे झालेले लेख दोन डझनांच्या आसपास होते.

दरम्यान, १५ जानेवारी २००१ रोजी त्याच मंडळींनी पूरक म्हणून एक खुले पान सुरू केले. त्यासाठी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली तयार केलेली 'विकी' ही रचना वापरली. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचे ते नाव होते. या पानावर कुणीही लिहावे, कुणीही दुरुस्त करावे. जोडधंदा म्हणून सुरू झालेल्या या विकिपीडियात पहिल्या वर्षअखेरीस अठरा भाषांत मिळून सुमारे वीस हजार लेख जमले.

असे का झाले? विद्वान आळशी होते आणि सामान्य माणसे उद्योगी, असे नाही. फरक दाराचा होता. न्यूपीडिया माणसाला विचारत असे, तुम्ही कोण? विकिपीडिया विचारत होता, येथे काय राहिले आहे? लिहिताना एखाद्या गावाचे किंवा माणसाचे नाव आले आणि त्यावर लेख नसेल, तर ते नाव लाल अक्षरांत दिसे. आजही दिसते. तो लाल दुवा म्हणजे मांडवातली रिकामी जागा. वाचणाऱ्याला वाटते, अरे, एवढे तर मला माहीत आहे! आणि तो पहिले वाक्य लिहितो. ते अर्धवट असते, त्यात चुका असतात; पण त्या चुकाच दुसऱ्याला खेचून आणतात. पूर्ण झालेली इमारत पाहायला लोक येतात, हातभार लावायला येतात ते अपुऱ्या कामाला. मराठीत 'दुवा' म्हणजे जोडणारी कडी आणि 'दुवा' म्हणजे भल्यासाठी केलेली प्रार्थना. या ठिकाणी दोन्ही अर्थ लागू पडतात.

नकाशाच्या क्षेत्रातही तेच झाले. ब्रिटनमध्ये सरकारी नकाशांची माहिती विकत घ्यावी लागे, म्हणून स्टीव्ह कोस्ट या विद्यार्थ्याने २००४ साली लोकांनीच नकाशा बनवण्याचा 'ओपनस्ट्रीटमॅप' हा उपक्रम सुरू केला. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भीषण भूकंप झाला. राजधानी पोर्टो-प्रिन्सचा तपशीलवार नकाशा मदतपथकांजवळ नव्हता. उपग्रहांची छायाचित्रे खुली होताच जगभरातले शेकडो स्वयंसेवक घरी बसून रस्ते, गल्ल्या, कोसळलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या रेखाटू लागले. काही आठवड्यांत उभा राहिलेला तो नकाशा मदतकार्यात वापरला गेला. त्यातल्या बहुतेकांनी हैती कधी पाहिलेही नव्हते. पण नकाशावरची कोरी जागा आणि तिच्यापायी अडणारे माणसाचे पाऊल, दोन्ही त्यांना दिसत होते.

दाद

माणूस आला, तो राहतो का? ओडेड नोव्ह या संशोधकाने २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना त्यांची कारणे विचारली. दोन कारणे सर्वांत वर आली. लिहिण्यातला आनंद, आणि ज्ञान सर्वांना मोफत मिळावे हे तत्त्व. गंमत अशी की तत्त्वाला जास्त गुण देणारे लोक जास्त वेळ काम करत होते असे दिसले नाही. आनंदाचे आणि कामाचे नाते मात्र दिसले. तत्त्व माणसाला दारापर्यंत आणते. रोज उंबरा ओलांडायला लावते ते दुसरेच काही.

ते दुसरे काय, याचा अंदाज आणखी एका प्रयोगातून येतो. विकिपीडियावर चांगले काम करणाऱ्याला कुणीही सहकारी एक चांदणीचे चित्र देऊ शकतो. त्याची किंमत शून्य. २०१२ साली दोन समाजशास्त्रज्ञांनी भरपूर काम करणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही माणसे निवडली. त्यांतल्या निम्म्यांना ही चांदणी दिली, उरलेल्यांना दिली नाही. पुढच्या नव्वद दिवसांत चांदणी मिळालेल्यांचे काम इतरांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त भरले. मुशायरा ज्यांनी ऐकला आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. दाद म्हणजे काही रोख रक्कम नव्हे. पण समोरून 'मुकर्रर' आले नाही तर शायर पुढचा शेर कोणत्या जिवावर म्हणणार?

याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ साली शिखरावर पोचली आणि नंतर अनेक वर्षे घसरत गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे कारण शोधले गेले. खोडसाळ मजकूर काढण्यासाठी जुन्या मंडळींनी यांत्रिक साधने उभी केली होती. त्यांच्या तडाख्यात प्रामाणिक नवशिक्याचे लिखाणही पुसले जाऊ लागले. कारण सांगणारा माणूस नसे. छापील नमुन्याचा एक निरोप असे. ज्याचे पहिलेच वाक्य असे पुसले गेले तो सहसा परत आला नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लिहिणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अवघे १३ टक्क्यांच्या आसपास दिसले होते. दार सर्वांना उघडे आहे असे लिहून ठेवल्याने सर्वजण आत येत नाहीत. आत आल्यावर कोण उठून जागा देतो आणि कोण पाहूनही न पाहिल्यासारखे करतो, यावर बरेच अवलंबून असते.

घरावरची पाटी

आता तिसरा प्रश्न. माणसे जातात का? फेब्रुवारी २००२ मध्ये विकिपीडियावर जाहिराती घेतल्या जाण्याची शक्यता बोलून दाखवली गेली. तेव्हा विकिपीडिया एका खाजगी कंपनीच्या छायेखाली होता आणि मंदीमुळे सँगर यांचा पगार बंद होत होता. कारण समजण्यासारखे होते. पण स्पॅनिश भाषेत लिहिणाऱ्यांना ते पटले नाही. आपण लोकांसाठी म्हणून फुकट लिहायचे आणि त्यावर कुणीतरी कमाई करायची? ते सगळा मजकूर घेऊन बाहेर पडले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या संगणकावर त्यांनी स्वतंत्र ज्ञानकोश थाटला. स्पॅनिश विकिपीडिया बराच काळ जवळपास ओसाड राहिला. त्याच वर्षी विकिपीडियाचा पत्ता व्यापारी संस्थेच्या रूपातून सार्वजनिक संस्थेच्या रूपात बदलला, आणि जून २००३ मध्ये तो चालवण्यासाठी ना-नफा प्रतिष्ठान स्थापन झाले. आजतागायत त्यावर व्यापारी जाहिरात नाही. यामागे संस्थापकांचा चांगुलपणा असेल. पण फुकट काम करणाऱ्यांनीही आपली अट एकदा कृतीने दाखवून दिली होती.

अशा भांडणांची यादी पुढे वाढत गेली. 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीचे गप्पांचे कक्ष हजारो स्वयंसेवक सांभाळत. त्यांना ठरावीक तास बसावे लागे, अहवाल द्यावे लागत. बदल्यात वर्गणीत सवलत. १९९९ साली काही माजी स्वयंसेवकांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. हे काम नोकरीसारखे आहे, तर किमान वेतन द्या, असे त्यांचे म्हणणे. २०१० मध्ये तडजोड होऊन कंपनीने दीड कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. २००४ साली सुरू झालेले 'ऑर्कुट' तर आपल्याकडच्या अनेकांच्या तरुणपणीचा कट्टा. ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालक कंपनीने ते बंद केले, आणि गप्पा मारणाऱ्यांना कळले की कट्टा आपला नव्हताच. जून २०२३ मध्ये 'रेडिट'च्या बिनपगारी व्यवस्थापकांनी कंपनीच्या नव्या शुल्काविरुद्ध हजारो गटांना एकाच वेळी टाळे लावले. तो एक प्रकारचा हरताळच होता.

सर्वांत नवा वाद कृत्रिम बुद्धिमत्तेचा. २००८ साली सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'वर संगणकाच्या कारागिरांनी एकमेकांच्या प्रश्नांना लक्षावधी उत्तरे दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि तेथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची संख्या झपाट्याने खाली आली. मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटीच्याच कंपनीशी करार केला, तेव्हा काही जुन्या लोकांनी निषेध म्हणून आपली उत्तरे पुसायला घेतली. त्यांची खाती तात्पुरती गोठवली गेली. स्पॅनिश मंडळी मजकूर घेऊन जाऊ शकली, कारण त्यांना पुढे न्यायचा होता तो ज्ञानकोश. येथे पुढे न्यायचे होते ते नाते. यंत्र उत्तर देते, पण ज्याने मूळ उत्तर लिहिले त्याच्यापर्यंत दाद पोचत नाही. आणि दाद पोचली नाही तर उद्याच्या नव्या प्रश्नाचे उत्तर कोण लिहिणार? शिकवणारा उठून गेला तर यंत्र तरी कुणाकडून शिकणार?

आपल्या मोहल्ल्यात

मराठी माणूस या जाळ्यावर उशिरा आला असे नाही. अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९९६ साली 'मायबोली' सुरू केली. परदेशात मराठी बोलायला माणूस मिळत नव्हता, हे त्यामागचे साधे कारण. पण देवनागरी लिहिण्याची अडचण मोठी होती. प्रत्येक वर्तमानपत्राचा टंक वेगळा, एकाचा मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर चिन्हांची खिचडी होऊन दिसे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण सरली, आणि 'मनोगत', 'उपक्रम', 'मिसळपाव' अशी मराठी लिहित्या माणसांची ठाणी उभी राहिली. कधी न छापले गेलेले कित्येक जण तेथे लिहिते झाले. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला.

२०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. मराठी विकिपीडियातले लेख लाखाच्या घरात आहेत. इंग्रजीतले सत्तर लाखांवर गेले आहेत. मराठीत नियमित लिहिणाऱ्यांची संख्या फारच थोडी आहे. हे थोडे लोक आपापल्या आवडीचे, आपापल्या गावचे लिहितात, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे ज्या मोहल्ल्यातून कुणीच आले नाही, त्या मोहल्ल्याची जागा कोरी राहते, किंवा तिथे कधी पाऊल न ठेवलेला कुणी ती ऐकीव माहितीने भरतो. हैतीत कोऱ्या जागेमुळे मदतपथके अडली होती. भाषेत कोऱ्या जागेमुळे पुढची पिढी अडते. आता तर यंत्रेही याच मजकुरातून भाषा आणि माहिती शिकतात. जे लिहिलेच गेले नाही ते यंत्राच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी घराणी 'सतारमेकर' याच आडनावाने ओळखली जातात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. कोणता भोपळा गाणारा आणि कोणता मुका, जवारी किती घासायची, हे ज्ञान कारागिराच्या बोटांत आहे. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांतली बोली, लग्नातली बायकांची गाणी, गावोगावच्या उरुसातल्या मानकऱ्यांच्या परंपरा यांचेही तेच. हे जाणणारी माणसे आहेत, पण 'एवढे तर मला माहीत आहे' असे म्हणायला लावणारा लाल दुवा त्यांच्या नजरेसमोर आलेला नाही.

यात एक खरी अडचण आहे, ती झाकून चालणार नाही. ज्ञानकोशाचा नियम असा की जे लिहाल त्याला छापील किंवा प्रसिद्ध झालेला आधार हवा. नियम बरोबर आहे. नाहीतर कुणीही काहीही लिहील. पण ज्यांचे ज्ञान बोटांत आणि जिभेवर आहे, त्यांच्यापाशी छापील आधार कुठून येणार? म्हणजे पहिली पायरी पडद्यावर नसून कागदावर आहे. शाळेतल्या शिक्षकाने कारागिराजवळ बसून उतरवून घेतलेली माहिती, लेकीने आजीकडून लिहून घेतलेली गाणी, नावासालासह एखाद्या स्मरणिकेत, एखाद्या वार्षिकात छापून आली की तिला आधाराचे बळ येऊ लागते. मग कुणीतरी ती पुढे नेऊ शकतो. मरे यांच्या चिठ्ठीवरही मुख्यतः याच गोष्टी असत. वाक्य, पुस्तकाचे नाव आणि साल.

विद्वत्ता, पैसा किंवा यंत्र यांची वाट पाहत थांबण्याचे कारण या इतिहासात कुठेच सापडत नाही. बर्कलीच्या जिन्यावर ज्याचा फोन नंबर उतरला तो पाव भाजणारा होता. ब्रॉडमूरचा चिठ्ठीवाला बंदिवान होता. दोघांपाशी होती ती स्वतःची थोडी माहिती आणि ती कुणाच्या कामाची आहे याची खबर. ही खबर मिरजेच्या कारागिराला किंवा कोकणातल्या आजीला कुणी दिलेली नाही. ती त्यांच्यापर्यंत पोचवणे, आणि त्यांनी सांगितलेल्या पहिल्या वाक्याला दाद देणे, एवढे काम लिहिता-वाचता येणाऱ्यांच्या वाट्याला आलेले आहे.